पुण्यापर्यंत कुणी जागं नाही

माझ्या प्रेक्षकांनी मला शेवटपर्यंत ऐकलं, असं कधीच झालं नाही. दुसरं कुणी असतं तर ही गोष्ट लपवून ठेवली असती. मी मात्र ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे.

मी तृप्ती मगदूम, राहणार मिरज. ‘चौक’ या ॲपवर रोज दुपारी, जेवणं उरकली की माझा कार्यक्रम थेट सुरू व्हायचा. नाव ‘दुपारची पॅसेंजर’. त्यात मी करायचे काय, तर मिरज ते पुणे या मार्गावरच्या स्टेशनांची नावं सांगायचे. मिरज, विश्रामबाग, सांगली, नांद्रे, भिलवडी, असं करत करत पुणे. बस्स. ना गाणं, ना विनोद, ना पाककृती. आणि तेवढ्यासाठी सांगलीपासून पार दुबईपर्यंतची माणसं मोबाईल उशाजवळ टेकवून आडवी व्हायची आणि त्यांचा डोळा लागायचा.

उठल्यावर ती खाली फक्त एक शब्द लिहायची. आपण कुठल्या स्टेशनावर झोपलो तो. ‘ताकारी.’ ‘नांद्रे.’ ‘आज शेणोली, जेवण हलकं झालं होतं.’ एका बाईंनी लिहिलं, ‘सासूबाईंना विश्रामबागलाच पोहोचवलं, तुमचे उपकार कसे फेडू?’ जितकं स्टेशन अलीकडचं, तितका माझा कार्यक्रम चांगला झाला, असा आमचा साधा हिशेब होता. कराडच्या पुढे फारसं कुणी जात नसे. साताऱ्याला पोहोचलेला माणूस एखादाच, आणि त्याला बाकीचे ‘डॉक्टरला दाखवा’ असं सांगायचे. पुणे कुणीच ऐकलं नव्हतं. तिथपर्यंत मी एकटीच जायचे.

हे मला जमायचं, कारण मी मिरज जंक्शनवर घोषणा करत असे. माणसाच्या आवाजात घोषणा करणारी तिथली मी शेवटची. नंतर यंत्र आलं, चार भाषांत बिनचूक बोलू लागलं आणि मी घरी आले. पण एक सवय सुटली नाही. स्टेशनात आपला आवाज फलाटावरच्या पत्र्यांना धडकून परत येतो. तो परत येऊन विरला की मगच पुढचं नाव घ्यायचं, नाहीतर दोन्ही नावांचा काला होतो. आमच्या स्वयंपाकघरात पत्रा नाही की आवाज परत येत नाही. तरी मी प्रत्येक नावानंतर थांबायचे. नाव, मग थांबणं. नाव, मग थांबणं.

असं सगळं छान चाललं होतं आणि मेळांक आला.

त्याआधीचा जमाना तुम्हाला आठवत असेल. कुणाला किती लोक बघतात हे पसंतीच्या अंगठ्यांवरून आणि अनुयायांच्या आकड्यावरून ठरायचं, आणि दोन्ही गोष्टी बाजारात घाऊक भावाने मिळायच्या. मग पुण्याच्या डॉ. शर्वरी गर्गे यांनी एक यंत्रणा बसवली. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट इतकी साधी होती, की ऐकून मी दिवसभर आरशात बघत बसले.

आपण पापण्या मिटतो ते काही फक्त डोळे ओले राहावेत म्हणून नाही. त्यासाठी लागतं त्याच्या कितीतरी जास्त वेळा आपण त्या मिटतो. मन जिथे क्षणभर विसावा घेतं, तिथे पापणी पडते. वाक्य संपलं, पात्र दारातून बाहेर गेलं, विनोद होऊन गेला, की टपकन पापणी. आता शंभर माणसं एकच गोष्ट अगदी मन लावून बघत असतील, तर त्यांची मनं एकाच जागी विसावणार आणि त्यांच्या पापण्याही एकाच क्षणी पडणार. ती शंभर माणसं शंभर गावांत असली तरी. आणि ज्याचं लक्ष नाही, त्याची पापणी त्याला वाटेल तेव्हा पडणार. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याला एवढं सहज दिसतं. किती पापण्या एकत्र पडल्या, त्याचा शून्य ते शंभरमधला आकडा म्हणजे मेळांक. पसंतीचा अंगठा विकत घेता येतो. हजार माणसांच्या पापण्या एका क्षणी पाडणं कुणाच्या बापाला जमणार नाही.

पहिल्या महिन्यात भल्याभल्यांची भंबेरी उडाली. लाखो अनुयायी मिरवणाऱ्या एका फॅशनवाल्या ताईंचे निम्मे प्रेक्षक म्हणजे कुठल्याशा गोदामात रचून ठेवलेले मोबाईल निघाले. त्यांचे कॅमेरे छताकडे बघत होते. मला तर हसू आवरेना. उलट बीडचा एक दगडफोड्या, जो नुसती पाट्याला टाकी कशी लावायची हे दाखवायचा, तो एका रात्रीत वर आला. खरं बोलायचं तर, मेळांक न्यायाचं काम करत होता.

मग लोकांनी तो घरात आणला. चहा पिताना समोरच्याचं किती लक्ष आहे, ते सांगणारं ॲप निघालं. आमच्या ह्यांनी, म्हणजे अभिनंदन मगदूम यांनी, मोठ्या हौसेने ते जेवणाच्या टेबलावर लावलं. मी माझ्या बहिणीच्या घरची हकीकत सांगत होते. मोबाईलने ह्यांचा मेळ दाखवला सहा. मग क्रिकेट लागलं, मेळ एक्क्याण्णव. त्या दिवशी ह्यांना पोळी मिळाली नाही, आणि ते ॲप आमच्या घरातून गेलं.

पण चौकातून मेळांक कसा जाणार? तिथे तो प्रत्येक कार्यक्रमाला लागला, ‘दुपारची पॅसेंजर’लाही लागला. माझा आकडा आला शून्य.

झोपलेला माणूस पापण्या पाडत नाही हो. त्या आधीच पडलेल्या असतात.

चौकाचा नियम असा, की तिमाही संपताना ज्याचा मेळांक वीसच्या वर नसेल, त्याचा कार्यक्रम अडगळीत. म्हणजे थेट प्रक्षेपण बंद, जुनं सगळं गायब.

“अगं, लोकं झोपत्यात म्हणून शून्य दाखवतंय,” हे म्हणाले. ह्यांचं स्टेशन रोडला पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि बंद पडलेलं काहीही चालू करता येतं यावर ह्यांचा फार विश्वास. “जागी ठेव की त्यांना थोडं!”

“अहो, झोपायलाच येतात ती!”

“यीनात का. जरा पटापट म्हण. मधी मधी गप्प का बसतीस? तिथंच झोपत्यात बघ ती. आणि कराड आलं की मी भोंगा वाजवतो.”

“कसला भोंगा?”

“गाडीचा! पॅसेंजर म्हणतीस आणि भोंगा नाही व्हय?”

मी हसले. पण शून्य हा आकडा माणसाला आतून पोखरतो. स्टेशनावरून एकदा मला घरी पाठवलं होतं, आता दुसऱ्यांदा जायची माझी तयारी नव्हती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी नावं भराभर घेतली. मधलं थांबणं काढून टाकलं. कराड म्हटलं आणि शेजारी टपून बसलेल्या ह्यांनी बटण दाबलं. असा काही भोंगा वाजला, की माझ्याच हातातलं पाणी सांडलं. आणि मेळांक? अहो, दचकल्यावर सगळ्यांच्याच पापण्या एका क्षणी पडतात! आकडा बेचाळीसवर जाऊन बसला. आठवड्यात साठ. ह्यांनी दुकानात पेढे वाटले. एक चहावाली कंपनी जाहिरात घेऊन दारात आली. ‘भोंगा पुन्हा वाजवा’ म्हणून लोक मागे लागले. नवीन पोरंटोरं फक्त भोंग्यासाठी यायला लागली.

स्टेशनांची नावं लिहिणारी माणसं कमी होत गेली. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याकडे काणाडोळा केला. आकडा चढत असताना कोण खाली बघतं?

मग एका संध्याकाळी रूथ सिस्टर आल्या.

रूथ आवळे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स, आणि ड्युटी कायम रात्रीची. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिला रात्री भाऊ बघतो, दिवसा ह्या. झोपायला मिळायची ती फक्त दुपार, आणि दुपारी झोप यायची नाही. बाहेर भंगारवाला, आत डोक्यात मॉनिटरची टुकटुक. ‘दुपारची पॅसेंजर’ सापडली तेव्हापासून त्या भिलवडीच्या आत गाढ असायच्या. रेकॉर्ड केलेली पॅसेंजर त्यांना चालायची नाही. एकदा लावली होती. तिच्यात मी खोकले होते, तो खोकला कुठे येतो ते पाठ झालं आणि त्याची वाट बघत त्या जाग्या राहिल्या. त्यांना रोजची, ताजी लागायची.

त्या दिवशी त्या ड्युटीवर निघाल्या होत्या, पांढऱ्या कपड्यांत. चेहरा ओढलेला.

“ताई, रागवू नका. एक विचारू?”

“विचारा की.”

“ती शिट्टी काढता येईल का हो?” त्या दारातच उभ्या होत्या. “कराडला दचकून उठते मी. मग काय झोप लागत नाही. लवकर लवकर म्हणता त्यामुळं आधी पण लागत नाही. पंधरवडा झाला बघा, नीट पडलेच नाही. काल एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला द्यायला निघाले. मेट्रनबाईंनी हात धरला म्हणून. नाहीतर तो गेलाच असता, ताई. लहान पोरगं आहे त्याला.”

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं. माझा साठचा आकडा समोरच्या मोबाईलवर हिरवा चमकत होता, आणि मला त्याची शिसारी आली.

सिस्टर गेल्यावर मी ह्यांना सांगितलं, “उद्यापासून भोंगा बंद. आणि मी माझ्या चालीने म्हणणार.”

“बरं,” हे म्हणाले. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. मग म्हणाले, “पण तृप्ती, तुझं चॅनलच बंद झालं, तर ती बाई झोपणार कशी? भोंगा लावला तरी ती जागी, नाही लावला तर महिन्यानं जागी. मग आपण केलं काय?”

ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त चीड आली. जागं ठेवलं तर कार्यक्रम जगणार, झोपवलं तर मरणार, आणि मधली वाटच नाही! मी भांडी जरा जोरातच आपटली.

वाट निघाली ती चौकाच्याच नियमांत. ज्याला मेळांक मान्य नाही, त्याने पुण्याच्या कार्यालयात यायचं आणि पाच पंचांपुढे आपला कार्यक्रम करून दाखवायचा. तिथे मोजणी होईल. वीसच्या वर गेलात तर राहिलात, नाहीतर अडगळ. निकाल तिथल्या तिथे. मी लगेच अर्ज टाकला.

“वीसच पायजेत ना?” ह्यांनी प्रवासभर मला समजावलं. “तेवढ्यापुरतं भराभर म्हण. भोंगा नको, मान्य. पास हो, घरी ये, मग म्हण तुझ्या चालीनं. तीन महिने तरी सुटलो.”

हे मला पटलं. अगदी खरं सांगते, पूर्ण पटलं.

पुण्याच्या लोकांनी आमच्या सुनावणीला वेळ दिली होती दुपारची, जेवणानंतरची. आता दुपारी जेवून पुण्यातला माणूस कामाला बसवायचा, हे धाडस पुण्यातच होऊ शकतं. त्यात त्या दिवशी कार्यालयात कुणाचा तरी निरोप समारंभ होता आणि पंच श्रीखंड-पुरी खाऊन आले होते. सगळ्यांत ज्येष्ठ होते ते बापट नावाचे निवृत्त न्यायाधीश. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. ते म्हणाले, “मी अध्यक्षस्थानी आहे आणि मला डुलकीची सवय नाही. सुरू करा.”

समोर पाच खुर्च्यांत पाच पंच. मागे काही चौकाचे कर्मचारी. प्रत्येकापुढे एक कॅमेरा. बाजूला काचेची खोली, तिच्यात यंत्रांसमोर स्वतः डॉ. गर्गे. मला वाटलं होतं कुणी मोठी कडक बाई असेल. प्रत्यक्षात किडकिडीत, तिशीची, आणि डोळ्यांखाली एवढी काळी वर्तुळं. तिच्या खोलीत बाहेरचा आवाज जात नव्हता. मोजणाऱ्याने ऐकायचं नाही, हाही नियमच.

आणि शेवटच्या खुर्चीत रूथ सिस्टर! रात्रपाळी करून, आईला शेजारणीवर सोपवून, सकाळच्या गाडीने एकट्या आल्या होत्या. साक्ष द्यायला.

“काही झोपलात का गाडीत?” मी विचारलं.

“कुठली हो, ताई. गाडीत मला झोप येत नाही.” त्या हसल्या, पण डोळे लालभडक होते. “आणि आज पुन्हा रात्री ड्युटी आहे, उशिरा पोहोचेन म्हणून सांगून आलेय.”

मी माइकसमोर बसले. वर मोठ्या पडद्यावर माझा मेळांक दिसणार होता, सगळ्यांना दिसेल असा. मी ठरल्याप्रमाणे सुरू केलं. मिरज, विश्रामबाग, सांगली, नांद्रे, भिलवडी. भराभर, हसऱ्या आवाजात, जाहिरातीतल्या बायका बोलतात तशी. पंच खुर्चीत सरसावले. पडद्यावर आकडा हलला. बारा. अठरा. तेवीस! कोपऱ्यात उभ्या ह्यांनी दोन्ही मुठी वळून दाखवल्या. आता फक्त असंच रेटायचं होतं.

किर्लोस्करवाडी म्हणता म्हणता माझी नजर रूथ सिस्टरांवर गेली. त्यांनी डोळे मिटले होते. मी “ताकारी” म्हटलं आणि ते टक्कन उघडले. त्यांनी पुन्हा मिटले. “भवानीनगर.” पुन्हा उघडले. मी एकामागून एक नावं फेकत होते आणि त्या बाईला प्रत्येक नाव लागत होतं. तरी त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, चालू द्या, चालू द्या म्हणून. त्या माझ्यासाठी इतक्या लांब आल्या होत्या, आणि मी त्यांच्यासमोर पास होत होते!

मला रडूच आलं. हा आकडा मिळवून घरी जायचं आणि मग पुढच्या तिमाहीला पुन्हा हेच करायचं? जी एक गोष्ट मला येते, तीच लपवून?

मी थांबले.

ह्यांनी डोळे विस्फारले. मी खोल श्वास घेतला, स्टेशनावरच्या त्या जुन्या खुर्चीत बसल्याची आठवण केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“मिरज.”

पत्र्यावरून आवाज परत येईपर्यंत थांबले.

“विश्रामबाग.”

थांबले. आकडा तेवीसचा वीस झाला.

“सांगली.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. मी तिकडे बघणं सोडून दिलं. नांद्रे. भिलवडी. रूथ सिस्टरांचे खांदे सैल झाले. मान हळूच एका बाजूला कलली. भिलवडी! माझं मन भरून आलं, पण आवाजात ते येऊ दिलं नाही. घोषणा करणाऱ्याने आवाज हलू द्यायचा नसतो. किर्लोस्करवाडीला दोन पंच गेले. ताकारीला तिसऱ्या पंचांच्या हातातला पेन गालिच्यावर पडला. शेणोलीपर्यंत मागची कर्मचाऱ्यांची रांग आडवी-तिडवी झाली. बापटसाहेब झुंजत होते. ताठ बसून, मिशा चावत. कराड म्हटल्यावर त्यांनी एकदा मोठे डोळे करून माझ्याकडे पाहिलं, आणि मसूरला ते घोरू लागले.

पडद्यावर शून्य. अगदी गोल, लाल शून्य.

मी मात्र थांबले नाही. गाडी मधेच सोडायची माझी पद्धत नाही. कोरेगाव, सातारा, वाठार, लोणंद. कोपऱ्यात भिंतीला टेकून माझे पतिराजही बसल्या जागी झोपले होते. ह्यांनी आजवर माझी पॅसेंजर कधी नीट ऐकलीच नव्हती. आधी दुकानात असायचे, मग बटणाजवळ बसून जागे. नीरा, जेजुरी, शिंदवणे, फुरसुंगी. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या सभागृहात मी शेवटचं नाव घेतलं.

“पुणे.”

उतरायला कुणीही जागं नव्हतं.

एकच माणूस उभा होता, काचेच्या पलीकडे. डॉ. गर्गे खुर्ची मागे ढकलून पडद्याला नाक लावून बघत होत्या. मग त्या दार उघडून बाहेर आल्या. चालत नव्हत्या, जवळजवळ धावतच आल्या, आणि सगळे झोपलेले बघून चवड्यांवर झाल्या.

“तुम्ही काय केलंत?” त्या कुजबुजल्या.

“काही नाही हो. स्टेशनं सांगितली.”

“इकडे या.”

त्यांनी मला आत नेलं. “पापण्यांचा आलेख संपला,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं यंत्र बिघडलं. म्हणून कॅमेरा अजून काय टिपतोय ते बघायला मी दुसरा आलेख उघडला. श्वासाचा. माणूस श्वास घेतो तेव्हा खांदे किंचित वर जातात, कॅमेऱ्याला ते कळतं. आम्ही ते नेहमी नोंदवतो आणि फेकून देतो, कारण जाग्या माणसांत ते कधी जुळत नाही. हे बघा.”

पडद्यावर रंगीत रेषा होत्या, प्रत्येक माणसाची एक, आणि खाली माझ्या आवाजाच्या खुणा. डावीकडे नुसता गुंता, ज्याची त्याची रेषा त्याच्या मर्जीने चढत-उतरत होती. मग, मी जिथे थांबायला लागले होते तिथून, त्या एकमेकींजवळ सरकत गेल्या होत्या. भिलवडीनंतर दोन-चार एकावर एक बसल्या. कराडनंतर सगळ्या मिळून एकच रेषा उरली होती. शांतपणे वर, शांतपणे खाली.

“तुम्ही नाव घेता तेव्हा ते श्वास घेतात. तुम्ही थांबता तेव्हा सोडतात,” डॉ. गर्गे म्हणाल्या. “सगळे. एकदम. मी इतकी वर्षं लोकांचं लक्ष मोजतेय, असा मेळ मी कधी पाहिला नाही. पापण्यांचा सर्वांत मोठा आकडा त्र्याण्णव आहे. हा नव्व्याण्णव येतोय.”

“आणि श्रीखंड?” मी विचारलं. आपल्याला शंका असेल तर आपणच विचारलेलं बरं.

त्या पहिल्यांदाच हसल्या. “श्रीखंडानं झोप येते, मगदूमबाई. सगळ्यांचा श्वास एका तालात येत नाही.” मग त्यांचा चेहरा उतरला. “मी फक्त उघडे डोळेच मोजत बसले. ज्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला, तो डोळे मिटून घेईल, हे माझ्या यंत्रात नव्हतंच.”

बाहेर खुर्ची करकरली. बापटसाहेब जागे झाले होते. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, मिशांवरून हात फिरवला आणि गाडीत झोपलेला कुठलाही माणूस उठल्यावर विचारतो तेच विचारलं.

“कुठं आलं?”

“पुणं आलं, साहेब,” मी म्हणाले.

निकाल तिथल्या तिथे झाला. डॉ. गर्गेंनी तो आलेख मोठ्या पडद्यावर लावला, आणि पंचांनी तो उभं राहून पाहिला. बापटसाहेबांनी सांगितलं की आजपासून चौकात दोन आकडे राहतील, एक उघड्या डोळ्यांचा आणि एक मिटलेल्या, आणि दोन्हींचा मान सारखा. “दुपारची पॅसेंजर सुरू राहील,” ते म्हणाले, आणि आवाज खाली आणून विचारलं, “रोज किती वाजता असते?” टाळ्या वाजल्या. मी हात वर करून त्या थांबवल्या, कारण रूथ सिस्टर अजून झोपल्या होत्या. मग तेवढ्या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांनी पायांतल्या चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर सभागृह रिकामं केलं. माझा एवढा मोठा सत्कार पुढे कधी झाला नाही, आणि पुढे बरेच झाले.

निघताना डॉ. गर्गेंनी मला जिन्यात गाठलं. “मलाही येत नाही,” त्या म्हणाल्या. “झोप.”

“उद्या दुपारी मोबाईल उशाजवळ ठेवा,” मी म्हणाले. “आणि आलेख बघू नका.”

दुसऱ्या दिवशी खाली त्यांचा एकच शब्द आला होता. ‘नांद्रे.’

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही तिघं परतीच्या गाडीत बसलो. सिस्टर ताज्यातवान्या, ड्युटीला जायला तयार, डब्यातल्या पोरांना चिक्की वाटत होत्या. घोरपडी गेल्यावर हे म्हणाले, “तृप्ती, तू कधी झोपतीस गं दुपारची?”

“मी कशी झोपणार? मी सांगत असते ना.”

“तेच म्हणतो मी.” ह्यांनी आपली शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि घसा खाकरला. “टेक मान.”

“अहो, तुम्हाला नाही जमायचं. तुम्हाला थांबता येत नाही.”

“टेक म्हणतो ना.”

मी मान टेकली. ह्यांनी माझ्यासारखं सुरू केलं, उलट्या बाजूने. फुरसुंगी. आणि थांबले. खरंच थांबले, पत्र्यावरून आवाज परत यावा इतके. आळंदी. थांबले. तो पंपवाला खर्जातला आवाज माझ्या कानाशी इतका सावकाश येत होता, की मला हसायचं होतं, पण हसायला उशीर झाला. शिंदवणे मी ऐकलं. आंबळेही ऐकलं.

राजेवाडी कधी गेलं, ते मला माहीत नाही.